सहा पानांतली कातडी

वैज्ञानिक शोधनिबंधाचं रसग्रहण करू नये, असा कुठं नियम नाही. बेंबळीच्या घरी ओसरीवर बसून मी ‘नेचर’च्या 16 नोव्हेंबर 2017च्या अंकातली सहा पानं तिसऱ्यांदा वाचली, तेव्हा हे लिहावंसं वाटलं. लेखक टोबियास हिर्श, मिकेले दे लुका आणि त्यांचे सहकारी.

जर्मनीत बोखुमला 2015 साली सात वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. ‘लॅमबी-3’ जनुकात जन्मजात दोष. त्यामुळं वरची कातडी खालच्या थराला धरून ठेवणारं लॅमिनिन-332 हे प्रथिन धड तयार होत नाही. जरा घासलं तरी फोड. अंगावरची 80 टक्के बाह्यत्वचा गेलेली. (अशा मुलांना ‘फुलपाखरं’ म्हणतात. मला ते नाव आवडत नाही. सोलवटलेलं अंग त्यात दिसतच नाही.)

निबंधाची भाषा कोरडी आहे. वडिलांची कातडी लावून पाहिली, ती टिकली नाही, हे एका वाक्याच्या पोटात येऊन जातं. बापाबद्दल तेवढंच. हा संयम निबंधाला शोभून दिसतो. मग मुलाच्याच जांघेजवळची 4 चौरस सेंटिमीटर कातडी घेतली, तिच्या पेशींत विषाणूकरवी निर्दोष जनुक घातलं, इटलीत मोदेनाला त्यांचे पापुद्रे वाढवले आणि ऑक्टोबर 2015 ते जानेवारी 2016 या काळात तीन शस्त्रक्रियांत अंगावर बसवले. एकूण 0.85 चौरस मीटर.

खरी गंमत यापुढं आहे. विषाणू प्रत्येक पेशीत जनुक वेगळ्या जागी खोवतो. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यासारखी ती जागा ओळखीची खूण होते, आणि पेशीच्या वंशजांतही ती तशीच उतरते. संशोधकांनी या खुणा कातडी बसवण्याआधी मोजल्या, काही महिन्यांनी पुन्हा मोजल्या. बहुतेक खुणा नाहीशा झालेल्या! बाह्यत्वचा साधारण महिन्याभरात नवी होते. त्या उलाढालीत बाकीच्या पेशी संपल्या आणि सगळी कातडी मोजक्या दीर्घायुषी मूळपेशींच्या वंशावर उभी राहिली. प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढत राहणाऱ्या वसाहती, म्हणजे ‘होलोक्लोन’, तयार करणाऱ्या पेशी त्या याच. औषध म्हणून घातलेलं जनुकच इथं साक्षीदार झालं, आणि निबंध नुसत्या उपचाराचा राहिला नाही.

खोट एकच. शीर्षकात ‘संपूर्ण’ बाह्यत्वचा आहे, मजकुरात 80 टक्के. एवढी अतिशयोक्ती मी चालवून घेतो.

पाच वर्षांनंतरचा अहवाल 2021 साली आला. बसवलेली कातडी टिकून होती.