कागदाची पाठ

दिवाळीला चार दिवस उरले की आमच्या घरी आकाशकंदील होतो. बांबूच्या कामट्या, सुतळी, पतंगी कागद आणि पातेल्यात शिजवलेली गव्हाच्या पिठाची खळ. खळीने ओल्या झालेल्या कागदाचा काही भरवसा नसतो; बोट जरा जड पडले की आरपार. मग घरात एकच कल्ला. भोकावर ठिगळ लावायचे आणि ठिगळाची बाजू भिंतीकडे येईल अशा बेताने कंदील टांगायचा, हा आमच्याकडचा वडिलोपार्जित शिरस्ता आहे. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरीही तो असेल.

या शिरस्त्याच्या अगदी उलट वागलेल्या एका जपानी चित्रकाराविषयी मला लिहावयाचे आहे. शोझो शिमामोतो हे त्याचे नाव. जन्म १९२८, गाव ओसाका. १९४५ च्या बॉम्बवर्षावात या शहराची राखरांगोळी झाली होती. पुढे चार-पाच वर्षांनी, वीस-बावीस वर्षांचा हा पोरगा चित्रे काढू लागला तेव्हा कॅनव्हास विकत घेण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते. त्याने वर्तमानपत्राचे कागद एकावर एक चिकटवले, तेही आपल्यासारखेच पिठाच्या खळीने; त्यांचा जाड पुठ्ठा केला आणि त्यावर रंग चढवला. ओल्या थरावर काम चालू असताना एकदा कागद फाटला. शिमामोतोने ठिगळ लावले नाही. तो त्या भोकाकडे पाहत राहिला असावा. कारण पुढच्या चित्रात त्याने ती मुद्दाम पाडली, आणि त्याच्या पुढच्यात आणखी. ‘भोके’ हेच त्या चित्रांचे नाव. १९५४ चे एक चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

एक कबुली आधीच देऊन टाकतो. माझे चित्रकलेचे शिक्षण एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांपलीकडे गेलेले नाही, आणि ही चित्रे मी पाहिली ती छापील प्रतींत. छापील प्रतीत भोक म्हणजे नुसता काळा ठिपका. पण पान डोळ्यांजवळ नेले की हळूहळू उमगू लागते. भोकाच्या कडा कापलेल्या नाहीत, फाटलेल्या आहेत. भाकरी मोडावी तशा. त्या कडांत कागदाचे पापुद्रे दिसतात, आणि एका बाजूच्या पापुद्र्याची सावली दुसऱ्या बाजूवर पडलेली असते.

माझ्या मते सगळी गोम या सावलीत आहे. निसर्गचित्रात झाडाची सावली आपण रंगवतो. सकाळी दहाची रंगवली की ती जन्मभर दहाचीच राहते. रात्री दिवा लावा, अमावस्या येऊ द्या, ती जागची हलत नाही. शिमामोतोच्या कागदावरची सावली रंगवलेली नाही, ती पडते. खिडकी उघडली तर एकीकडे, दिवा सरकवला तर दुसरीकडे. वस्तूची सावली पडू लागली की ती चित्राच्या गोत्रातून मूर्तीच्या गोत्रात जाते. दत्तकविधानच ते. कागद तोच, रंग तोच, पण घर बदलले.

आता कुणी म्हणेल, “मास्तर, कागदाला भोक पाडणे ही काय कला झाली? आमचा बंडू रोज पाडतो.” हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये, मी तो मनात पुष्कळ दिवस बाळगून होतो. त्याचे उत्तर मला कागदाच्या जाडीत सापडले. एकेरी कागदाला भोक पाडले तर कागद उणा होतो, एवढेच. पण थरावर थर चढवलेल्या कागदाला भोक पाडले तर त्या भोकाला भिंती येतात, तळ येतो, विहिरीसारखे काहीतरी होते. म्हणजे मोडण्याआधी शिमामोतोने पुष्कळ काही उभे केले होते. वाचून झालेल्या, उद्या रद्दीत जाणाऱ्या बातम्यांचे ओझे त्याने एकावर एक चढवले आणि मग ते फोडले. बंडूची पहिली निम्मी मेहनत राहून गेलेली असते.

हाच प्रयोग जवळजवळ त्याच सुमारास इटलीत चालला होता आणि दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. लुचो फोंताना हा मूळचा मूर्तिकार, वडीलही मूर्तिकार. वयाच्या पन्नाशीत, १९४९ मध्ये, त्याने चित्राच्या पृष्ठभागाला भोके पाडायला सुरुवात केली आणि १९५८ पासून पात्याने उभे चिरे देऊ लागला. जगात नाव झाले ते फोंतानाचे. त्याचे चिरे सुंदर आहेत यात शंका नाही. एकरंगी पडद्यावर एकच नेमका चिरा, आणि मागून काळी जाळी लावलेली, म्हणजे आतला अंधार हवा तेवढाच दिसावा! मला मात्र ही जाळी खटकते. चिऱ्यामागे खरोखरच काय आहे (लाकडाची चौकट, संग्रहालयाची भिंत, एखादा खिळा) ते पाहण्याचा हक्क तिने माझ्याकडून काढून घेतला. अंधारसुद्धा इस्त्री करून दिला. शिमामोतोपाशी असली सफाई नाही आणि म्हणूनच त्याच्या कागदाची पाठ मला दिसते. दोघांत मी गरीब घरचा निवडतो.

शिमामोतो ज्या मंडळात होता ते ‘गुताई’ मंडळ १९५४ साली जिरो योशिहारा याने काढले. हा गृहस्थ खाद्यतेलाच्या धंद्यातला आणि स्वतः चित्रकार. कुणी केले नाही ते करा, असा त्याचा शिष्यांना धोशा असे. १९५६ च्या जाहीरनाम्यात त्याने म्हटले की कलावंताने पदार्थाला वाकवू नये, त्याला जिवंत करावे. आणि पडझड झालेल्या जुन्या वास्तू मनाला का भिडतात, याचेही कारण तो पदार्थातच शोधतो. मंडळातला साबुरो मुराकामी तर चौकटींवर ताणलेल्या कागदातून स्वतःच धडक मारून आरपार गेला, १९५५ मध्ये आणि पुन्हा १९५६ मध्ये. ही कल्पना त्याला आपल्या लहानग्याने रुसून घरातले कागदी दार फोडले त्यावरून सुचली, असे सांगतात. गोष्ट फार गोड आहे. पण चित्र म्हणा, मूर्ती म्हणा, मागे उरल्या त्या लोंबत्या चिंध्या. खरे काम त्या धडकेत आणि तिच्या आवाजात होऊन गेले. त्याला मी नाटकात घालीन.

येथे मला माझीच एक गोष्ट सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात एका मुलाने पावसाचे चित्र काढले होते. खोडून खोडून त्याने आभाळाला भोक पाडले होते. माझे डोके त्या दिवशी ठिकाणावर नव्हते. मी तो कागद सगळ्या वर्गासमोर टर्रकन फाडला. सोमवारी त्याने तोच कागद मागून खळीने जोडून पुन्हा माझ्यापुढे ठेवला. सांध्यापाशी कागद फुगून वर आला होता. शेताच्या बांधासारखी एक उभी ओळ पावसातून गेली होती. तिला सावली होती. मी त्याला दहापैकी सहा गुण दिले आणि वही मिटली.

शिमामोतोविषयी वाचताना हा बांध मला वारंवार आठवतो आणि माझ्या वरच्या साऱ्या युक्तिवादाला अडखळवतो. आपला कागद आपण फोडणे वेगळे. दुसऱ्याने फाडलेला जोडणे वेगळे. जपानी आणि इटालियन प्रयोगांत इजा करणारा हात आणि चित्र काढणारा हात एकच आहे. पण जी इजा आपण केलीच नाही, तिचे काय करायचे?

या प्रश्नाला सामोरा गेलेला कलावंत आपल्याच देशात होऊन गेला. सोमनाथ होर. जन्म १९२१, चितगाव. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी भुकेने मरणारी माणसे समोर बसून रेखाटली. पुढे शांतिनिकेतनात कलाभवनाच्या मुद्राचित्र विभागात असताना, १९७० नंतरच्या वर्षांत, त्यांनी ‘जखमा’ ही मालिका केली. तिची कृती अशी: मातीच्या सपाट लादीवर सुरीने चिरे द्यायचे, तापलेल्या सळईचे चटके द्यायचे, त्यावरून सिमेंटचा साचा काढायचा, साच्यावर कागदाचा लगदा थापायचा आणि वाळला की सोडवून घ्यायचा. मातीतला खड्डा साच्यात उंचवटा होतो आणि लगद्यात पुन्हा खड्डा. आमची आजी मेथ्या घालून कागदाचा लगदा वाटायची आणि पालथ्या घागरीवर थापून टोपली करायची. ज्यांनी ती टोपली हाताळली आहे त्यांना होरांचा कागद बोटांनी समजेल.

चित्रे बहुतेक पांढऱ्यावर पांढरी. माणूस नाही, चेहरा नाही, रेषासुद्धा नाही. उघडलेली त्वचा तेवढी आहे. महत्त्वाचे असे की येथे कागदाला कुणी हात लावलेला नाही. सुरी मातीवर चालली, कागद मागाहून आला. शिमामोतोचा कागद आधी धडधाकट होता, मग फुटला. होरांचा कागद जन्मतःच जखम घेऊन येतो. धडधाकट असण्याचा एकही दिवस त्याच्या वाट्याला आलेला नाही. दुष्काळात जन्मलेल्या मुलासारखा. होर २००६ मध्ये गेले. या विषयातले त्यांचे काम मी फोंतानाच्या कितीतरी वर ठेवतो आणि शिमामोतोच्याही थोडे वर.

ही पुस्तके माझ्या टेबलावर असतात. रात्री वह्या तपासून झाल्या की मी ‘जखमां’चे पान काढतो आणि सवयीने ते दिव्याकडे किंचित तिरपे धरतो. सावली हलत नाही; छापलेली आहे ती. तरी धरतो.