सवलतींचे पंचांग : ऑनलाइन विक्रीतील सण-नियोजनाची एक चिकित्सा

ऑनलाइन किरकोळ विक्रीच्या क्षेत्रात गेल्या दीड-दोन दशकांत लेखनाचा एक नवा प्रकार रूढ झाला आहे. त्यास ‘सवलतींचे वार्षिक नियोजन’ असे म्हणता येईल. वर्षाच्या तारखा एका तक्त्यात मांडायच्या. चिनी नववर्ष, व्हॅलेंटाइन डे, रमजान, प्राइम डे, सिंगल्स डे, थँक्सगिव्हिंग, ब्लॅक फ्रायडे, सायबर मंडे, नाताळ अशी नावे त्यांपुढे लिहायची. आणि प्रत्येक नावासमोर सवलतीची टक्केवारी, जाहिरातीचा मजकूर व मालाच्या साठ्याचा अंदाज भरायचा, असे त्याचे स्वरूप असते. विक्रेत्यांसाठीच्या मार्गदर्शिकांतून निघालेला हा तक्ता आता वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या प्रकल्प-अहवालांतही स्थिरावला आहे. विद्यार्थी तो भरतात, आपण तो तपासतो. मात्र एक संहिता म्हणून तो वाचण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

तसा तो वाचला असता पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की हा तक्ता सणाला केवळ तारीख मानतो. तिथीबरोबर विधी येतो, निषेध येतो, कोणाची तरी सुट्टी आणि कोणाचे तरी वाढलेले काम येते, हे पंचांग पाहणाऱ्या समाजाला निराळे सांगावयास नको. तक्त्यात यांपैकी कशासाठीही रकाना नसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही उणीव केवळ सांस्कृतिक स्वरूपाची नाही. नियोजन या नात्यानेही तक्ता तिच्यामुळेच सदोष ठरतो.

सापडलेले दिवस

बाजारपेठेने सणाच्या तारखेला हात घालणे ही ऑनलाइन युगाची निर्मिती नव्हे. अमेरिकेत लिंकन यांच्या १८६३ च्या घोषणेपासून थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या अखेरच्या गुरुवारी पाळण्याचा प्रघात होता. १९३९ साली त्या महिन्यात पाच गुरुवार आले आणि सण ३० तारखेवर गेला. नाताळपूर्व खरेदीचे दिवस घटतील या चिंतेने व्यापाऱ्यांनी आग्रह धरला व अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे, २३ तारखेस आणला. काही राज्यांनी नवी तारीख मानली, काहींनी जुनी. टेक्सासने तर दोन्ही दिवस सुट्टी दिली. विरोधकांनी अध्यक्षांच्या नावाची सणाच्या नावाशी सांगड घालून या नव्या सणाला ‘फ्रँक्सगिव्हिंग’ असे कुचेष्टेने म्हटले. पुढे मे १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनीच या प्रयोगाने अपेक्षित विक्री वाढली नाही हे मान्य केले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसने चौथा गुरुवार कायद्याने निश्चित केला.

या प्रसंगाचा अभ्यास नियोजनाच्या वर्गात व्हावयास हवा. तारीख सरकवल्याने खरेदी सरकते. ती वाढतेच असे नाही. चौथ्या गुरुवारच्या नियमामुळे सण आजही २२ ते २८ नोव्हेंबर या कक्षेत हलतो. २०२३ मध्ये तो २३ तारखेस, तर २०२४ मध्ये २८ तारखेस आला. म्हणजे नाताळापर्यंतचे अंतर ३२ दिवसांवरून २७ दिवसांवर आले. एका वर्षाच्या नोव्हेंबरची तुलना दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरशी करणारा अहवाल हे अंतर विचारात घेत नसेल, तर त्यातील ‘वाढ’ वा ‘घट’ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही.

ब्लॅक फ्रायडेचे नावही बोलके आहे. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी उसळणाऱ्या गर्दीला व वाहतूक-कोंडीला वैतागून फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी ते वापरात आणले. १९६१ च्या सुमारास तेथील व्यापाऱ्यांनी त्याऐवजी ‘बिग फ्रायडे’ हे नाव रुजवून पाहिले, ते रुजले नाही. तोट्याची लाल शाई जाऊन नफ्याची काळी शाई येते, ही सर्वत्र सांगितली जाणारी व्युत्पत्ती त्यानंतर, १९८० च्या दशकात पुढे आली. मार्गदर्शिका मात्र ती मूळ इतिहास म्हणून देतात. सायबर मंडेला तर व्युत्पत्तीचीही गरज भासली नाही. अमेरिकेतील किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या ऑनलाइन विभागाने २००५ साली एका प्रसिद्धिपत्रकातून ते नाव दिले.

घडवलेला दिवस : ११-११

तक्त्यातील सर्वांत लक्षणीय नोंद सिंगल्स डेची आहे. चार एकांची ही तारीख अविवाहितांचा दिवस म्हणून साजरी करण्याची टूम १९९० च्या दशकात नानजिंग विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी काढली, असे सांगितले जाते. २००९ मध्ये अलिबाबा या कंपनीने २७ विक्रेत्यांना घेऊन त्या दिवशी सवलतीची विक्री केली. उलाढाल सुमारे ५ कोटी युआन झाली. २०१२ मध्ये कंपनीने ‘दुहेरी अकरा’ या शब्दांची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करून घेतली. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातील थट्टेचे अवघ्या तीन-चार वर्षांत मालमत्तेत रूपांतर झाले. दिवाळीची वा नाताळाची अशी नोंदणी कोणी करू शकत नाही. सापडलेला दिवस आणि घडवलेला दिवस यांतील भेद येथे अगदी उघडा पडतो. तक्त्यात मात्र दोन्ही दिवस एकाच रंगाच्या चौकटीत शेजारी शेजारी बसतात.

आकड्यांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २०१९ मध्ये ११ नोव्हेंबर या एका दिवसाची अलिबाबाने जाहीर केलेली उलाढाल २६,८४० कोटी युआन होती. २०२० मध्ये ४९,८२० कोटी युआन हा आकडा आला, परंतु तो १ ते ११ नोव्हेंबर या अकरा दिवसांचा होता. दोन्ही आकडे एका आलेखात शेजारी उभे केले की डोळे दिपतात, आणि ते तसे उभे केले जातातच. २०२२ मध्ये कंपनीने एकूण आकडा जाहीर करणेच थांबवले व निकाल मागील वर्षाच्या बरोबरीचा आहे एवढेच सांगितले. २०२४ मध्ये पूर्वविक्री १४ ऑक्टोबरलाच सुरू झाली. ज्या दिवसाचे सारे बळ त्याच्या ‘एक दिवस’ असण्यात होते, तो जवळजवळ महिनाभर पसरला. रोजच सण असेल तर ग्राहक कोणत्या दिवसाची वाट पाहणार? तो सवलतीची वाट पाहतो आणि सवलत नसलेल्या दिवशी खरेदी टाळतो, म्हणजे महोत्सवाची विक्री अंशतः त्याच्या आधीच्या व नंतरच्या आठवड्यांतून उचललेली असते. विक्रेत्याच्या ताळेबंदात ती तीन महिन्यांच्या बेरजेतच खऱ्या अर्थाने दिसते. तक्ता तर एका चौकटीपलीकडे पाहतच नाही.

याच देशाच्या दुसऱ्या सणाबाबत तक्ता उलट चूक करतो. चिनी नववर्षासमोर लाल रंगाची जाहिरात व सवलत लिहिलेली असते. वस्तुतः त्या काळात कामगार गावी जातात, कारखाने दोन-तीन आठवडे बंद वा मंद राहतात आणि जगभरच्या विक्रेत्यांचा माल अडकतो. अनेक लहान विक्रेत्यांच्या दृष्टीने ही विक्रीची तारीख नसून मागणी-पत्र वेळेत पाठवण्याची तारीख आहे.

पितृपक्षातील महोत्सव

आपल्याकडे या नियोजनाने कोणते रूप घेतले, हे थोडक्यात पाहू. गूगलने १२-१२-२०१२ रोजी भारतात ऑनलाइन खरेदीचा महोत्सव भरवला. तो २०१४ नंतर बंद झाला. फ्लिपकार्टचा ‘बिग बिलियन डे’ ६ ऑक्टोबर २०१४ रोजी झाला, संकेतस्थळ कोलमडले व संस्थापकांना ग्राहकांची क्षमा मागावी लागली. ‘डे’चा ‘डेज’ व्हायला त्यानंतर एकच वर्ष लागले.

खरा प्रश्न तिथींचा आहे. २०२३ मध्ये दोन्ही मोठ्या कंपन्यांचे ‘सणासुदीचे’ महोत्सव ८ ऑक्टोबरला सुरू झाले; सर्वपित्री अमावास्या १४ तारखेस होती. २०२४ मध्ये ते २७ सप्टेंबरला सुरू झाले, तेव्हाही पितृपक्ष संपण्यास पाच दिवस होते. ज्या पंधरवड्यात महाराष्ट्रातील असंख्य घरांत नवी वस्तू आणणे टाळले जाते, त्याच पंधरवड्यात सणाच्या नावाने विक्री आरंभली गेली. २०२५ मध्ये आरंभ २३ सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी झाला. पण वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू होत होते, त्यामुळे हा पंचांगाचा मान की कराचा, हे ठरवणे कठीण आहे. श्रद्धेचा कैवार घेणे हा येथे हेतू नाही. पितृपक्षात खरेदी केल्याने कोणाचे काही बिघडत नाही, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मुद्दा असा, की सणाचे नाव घेऊन त्याचा निषेध वगळणारे नियोजन ग्राहकाच्या आचरणाविषयी काहीच जाणत नाही आणि तरीही स्वतःला ‘ग्राहककेंद्री’ म्हणवते.

किमतीचा रकाना

यापेक्षा गंभीर उणीव किमतीसंबंधी आहे. तक्त्यात सवलतीची टक्केवारी असते. ती कोणत्या किमतीवर, हे नसते. युरोपीय संघाच्या देशांत मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार सवलत जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते, आणि टक्केवारीही त्याच किमतीवर काढली पाहिजे असा निर्णय तेथील न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये दिला. फ्रान्समध्ये तर हंगामी ‘सोल्द’चे आठवडेच शासन ठरवते. तेथे २०२० च्या टाळेबंदीत लहान दुकाने बंद असताना ब्लॅक फ्रायडे २७ नोव्हेंबरऐवजी ४ डिसेंबरला घेण्यास मोठे विक्रेते व अॅमेझॉन राजी झाले. १९३९ साली मोठ्या व्यापाऱ्यांसाठी तारीख हलली होती; येथे ती लहान दुकानदारांसाठी हलली.

भारतात सवलत बहुधा वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीवरून मोजली जाते, आणि त्या किमतीला ती वस्तू कधी विकली गेली होती का, हे ग्राहकास कळण्याची सोय नसते. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा फसव्या रचना निश्चित केल्या; ‘खोटी घाई’ ही त्यांत अग्रस्थानी आहे. ‘फक्त दोन नग शिल्लक’ आणि उलटे धावणारे घड्याळ हा सवलत-नियोजनातील नेहमीचाच मजकूर होय. विद्यार्थ्यांचे प्रकल्प-अहवाल तो आजही ‘ग्राहकास कृतिप्रवण करण्याचे तंत्र’ या शीर्षकाखाली निःशंकपणे नोंदवतात आणि आपण त्यांस गुण देतो.

तेव्हा अशा प्रकल्पात तीन रकाने वाढवावेत, असे सुचवावेसे वाटते : त्या दिवशी कोण काम थांबवते, सवलतीचा भार विक्रेता व मंच यांपैकी कोण किती उचलतो, आणि आधीच्या तीस दिवसांतील किमान किंमत. यांतील तिसरा रकाना भरण्यास महागडी विदा लागत नाही. एक कुकर, एक भ्रमणध्वनी संच व एक साडी निवडून विद्यार्थ्याने महोत्सवापूर्वी महिनाभर रोज ठरावीक वेळी किंमत वहीत टिपावी, महोत्सवाच्या दिवशी जाहीर झालेली टक्केवारी तिच्या शेजारी लिहावी आणि पुढचा महिनाभर नोंद चालू ठेवावी. पहिल्या सत्राच्या वेळापत्रकात हे सहज बसते.