उलटं कुणाला, सुलटं कुणाला

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं.

आज आम्ही टीका करणार आहोत ती एखाद्या पुस्तकावर नाही, पुस्तकांच्या एका जातीवर. इंग्रजी भाषकांना फ्रेंचमध्ये कुठे ठेच लागते, त्या जागा गोळा करून समजावणारी ही पुस्तकं. आपल्याकडे फ्रेंच शिकणारे अनेक जण त्यांच्यावरच वाढले. आम्हीही.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करू. वर्गात एका मुलीने वहीत लिहिलं होतं, 'मा ग्रां-मेर म मांक'. म्हणजे, मला आजीची उणीव भासते. अगदी बरोबर. पण आम्ही सवयीने फळ्यावर इंग्रजी वाक्य मांडलं, 'आय मिस माय ग्रँडमदर', आणि बजावलं, "हे क्रियापद उलटं चालतं. नीट उलटं करा." तिने इमानेइतबारे स्वतःचं बरोबर वाक्य उलटं केलं. झालं काय, तर 'ज मांक मा ग्रां-मेर'. याचा अर्थ आजीची आणि माझी चुकामूक होते! परीक्षेत तिचे गुण गेले, आणि ते आम्ही घालवले.

आता बघा, उलटं कुणाला? इंग्रजीत ज्याला जाणवतं तो कर्ता. फ्रेंचमध्ये जे नाही ते कर्ता, आणि ज्याला जाणवतं तो 'ला' प्रत्ययाच्या जागी. मराठीत 'मला उणीव भासते' म्हणताना आपण तेच करतो. 'सा म प्ले' म्हणजे 'ते मला आवडतं', शब्दाला शब्द. 'इल म फो अं स्तिलो' म्हणजे 'मला पेन हवं'. या तिन्ही क्रियापदांपुढे इंग्रजी विद्यार्थी अडतो, कारण त्याच्या भाषेत अशा वाक्यांचा कर्ता सहसा 'आय' असतो. पुस्तक त्याला सावध करतं, ते योग्यच आहे. पुस्तकाचा दोष नाही. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आम्ही लावला, हा आमचा दोष.

शब्दांचंही असंच. 'फोझामी', खोटे मित्र, हे तर या पुस्तकांचं लाडकं प्रकरण. 'अक्त्युएलमां' म्हणजे खरं तर नव्हे, सध्या. 'एव्हांत्युएलमां' म्हणजे शेवटी नव्हे, जमलं तर. 'जे आसिस्ते आ अं नाक्सिदां' म्हणणाऱ्याने अपघातात मदत केली असं नाही, तो तिथे हजर होता एवढंच. याद्या उपयोगी आहेत, नाकारत नाही. पण हा शब्दप्रयोग रूढ झाला तो माक्सिम केस्लेर आणि ज्युल दरोकिन्यी यांच्या 1928 च्या फ्रेंच पुस्तकामुळे, आणि त्याच्या नावातच इंग्रजी शब्दांच्या विश्वासघाताचा उल्लेख आहे. म्हणजे तेव्हा विश्वासघातकी इंग्रजी होती! आज इंग्रजी पुस्तकांत तोच आरोप फ्रेंचवर.

खरं म्हणजे घात कुणीच केलेला नाही. 'लिब्रेरी' हा शब्द घ्या. आजच्या फ्रेंचमध्ये पुस्तकांचं दुकान, ग्रंथालयाला 'बिब्लिओतेक'. पण सोळाव्या शतकात मोंतेन्य आपल्या मनोऱ्यातल्या ग्रंथसंग्रहाला 'लिब्रेरी'च म्हणत असे. इंग्रजीने फ्रेंचकडून शब्द घेतला आणि जुना अर्थ सांभाळला, फ्रेंच पुढे सरकली. वेगळी राहिलेली भावंडं आहेत ही. हिंदीत 'शिक्षा' घ्यायला मुलं शाळेत जातात आणि मराठीत 'शिक्षा' झाली की रडतात, तसंच. हे कळलं की शब्द लक्षात राहतो. नुसती यादी आठवडाभरात विसरते, असा आमचा तरी अनुभव.

आता आमचा खरा राग कशावर, ते सांगतो. 'डॉक्टर आणि मिसेस व्हॅन्डरट्रॅम्प'. हसू नका, हे खरंच शिकवतात! भूतकाळात काही फ्रेंच क्रियापदं 'एत्र' हे सहायक घेतात, बाकीची 'आव्हुआर'. 'एत्र'वाल्यांची आद्याक्षरं जुळवून हे जोडपं तयार झालं. पाठ होतं, पण समजत काहीच नाही. कारण 'इल ए मोंते', तो वर चढला, इथे 'एत्र'. आणि 'इल आ मोंते ला व्हालीझ', त्याने बॅग वर नेली, इथे त्याच क्रियापदाला 'आव्हुआर'. डॉक्टरसाहेब इथे गप्प! मराठी कान मात्र जागा होतो. 'तो' आणि 'त्याने'. कर्म आलं की 'ने' आला. शाळेत कर्तरी आणि कर्मणी प्रयोग घोकले, ते इथे कामाला येतात.

(श्रोत्यांतून: म्हणजे मराठीवरून शिकलं की झालं?)

नाही हो, तेवढं सोपं नाही. 'तो झोपला' यात 'ने' नाही, पण फ्रेंच म्हणते 'इल आ दोर्मी', तिथे 'आव्हुआर'. 'तो चालला'चंही तेच. मराठी दारापर्यंत सोडते, आत आपल्यालाच जायचंय.

सगळ्यात गमतीची जागा पुढे आहे. 'ला लेत्र क जे एक्रीत', मी लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी स्त्रीलिंगी आणि क्रियापदाच्या आधी आली, म्हणून 'एक्री'चं 'एक्रीत' झालं. इंग्रजी विद्यार्थ्याला हा निव्वळ छळ वाटतो, कारण त्याच्या क्रियापदाला लिंगच ठाऊक नाही. छळ वाटणारे फ्रेंच भाषकांतही आहेत. 2018 मध्ये बेल्जियमच्या दोन माजी शिक्षकांनी 'आव्हुआर'बरोबरचा हा बदल सोडून द्या, असं जाहीरपणे मांडलं आणि बराच वाद झाला. आपल्याला 'चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं' यात विशेष काही वाटत नाही. पण आपल्याकडे चिठ्ठी कुठेही असो, 'लिहिली'च. फ्रेंचमध्ये कर्म नंतर आलं की बदल नाही, 'जे एक्री ला लेत्र'.

त्याच मुलीने पुढच्या महिन्यात लिहिलं, 'जे एक्रीत ला लेत्र'. या वेळी आम्ही लाल पेन उचलण्याआधी विचारलं, हा 'त' कुठून आला? ती म्हणाली, "सर, चिठ्ठी लिहिली ना, म्हणून." ही चूक इंग्रजी भाषकांसाठीच्या त्या पुस्तकांत आम्हाला कुठेच सापडली नव्हती. आम्ही ती वेगळ्या वहीत उतरवून ठेवली. आता अशा चुकांची सोळा पानं झाली आहेत. त्यातली काही आज छापून आणलीत, दाराजवळच्या टेबलावर आहेत, जाताना घ्या. तुमच्या स्वतःच्या चुका मागच्या कोऱ्या बाजूला लिहून आम्हाला परत द्या.