पोटातला गोळा आणि डोक्याची कोलांटी

शहागडहून अंबडला जाणाऱ्या एसटीत लहानपणी आम्ही मुलं शेवटच्या बाकासाठी भांडायचो. रस्त्यात उंचवटा आला, मागची चाकं त्यावरून उतरली, की बाक खाली जायचा आणि आम्ही क्षणभर वरच राहायचो. पोटात गोळा यायचा. नागपंचमीला लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावरही तेच व्हायचं. आत्या उभ्याने झोका चढवायची. टोकाला दोर जरा सैल पडला की पाटीवर बसलेले आम्ही ओरडायचो आणि लगेच म्हणायचो, "अजून!"

रोलर कोस्टरकडे मी या दोन आठवणींच्या आधाराने पाहतो. स्टीलच्या कोस्टरला मजा आणण्यासाठी माणसाला उलटं करावंच लागतं का, हा प्रश्न जगभरच्या शौकिनांमध्ये जुना आहे. माझं उत्तर स्पष्ट आहे. नाही. कोस्टरचा जीव पोटातल्या गोळ्यात असतो. कोलांटी हा दागिना आहे. तो शोभतो, पण त्याच्यावाचून काही अडत नाही.

ही कोलांटी आली कुठून, ते आधी पाहू. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन याने चढउतारांची गाडी सुरू केली. तिचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, तरी लोकांची रीघ लागली. १८९५ मध्ये तिथेच 'फ्लिप फ्लॅप' आली. तिचा लूप अगदी गोल वर्तुळाचा होता आणि त्या गोलाईनेच घात केला. घर्षण बाजूला ठेवलं तर वर्तुळाकार लूपच्या माथ्यावर आणि तळाशी अंगाला जाणवणाऱ्या भारात स्वतःच्या वजनाच्या सहापट फरक पडतो, मग वर्तुळ लहान असो वा मोठं. तळाशी शिरताना तो भार एका झटक्यात अंगावर येई आणि लोकांच्या माना दुखावत. १९०१ च्या 'लूप द लूप'मध्ये लंबगोल आकार आला, त्रास कमी झाला, तरी हा प्रकार मागे पडला.

लूप परत आला तो स्टीलमुळे. १९५९ मध्ये डिस्नेलँडच्या 'मॅटरहॉर्न'मध्ये पोकळ नळीचे पोलादी रूळ वापरले गेले आणि रुळाला हवा तसा बाक देणं शक्य झालं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात 'कॉर्कस्क्रू' आली. १९७६ च्या 'रिव्होल्यूशन'मध्ये जर्मनीचे आन्तोन श्वार्त्सकोप्फ आणि अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी आधुनिक उभा लूप उभा केला. त्यांचा लूप माथ्याशी आवळलेला आणि पायथ्याशी पसरट, पाण्याच्या थेंबासारखा होता. सरळ रस्ता वळणात हळूहळू शिरावा म्हणून रस्ते आणि रेल्वेचे अभियंते जी वक्ररेषा वापरतात, तीच इथे उभी केली होती. भार एकदम न येता चढत जाऊ लागला आणि मान वाचली.

पण मान वाचवणाऱ्या या चांगल्या लूपमध्ये शरीराला नेमकं काय कळतं? पाण्याने भरलेली बादली दोरीने गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, बुडाला चिकटून राहतं. लूपमध्ये आपण ते पाणी असतो. माथ्यावर डोकं खाली असतं, तरी अंग आसनावर दाबलेलंच राहतं. डोळे मिटून घ्या, आपण उलटे झालो हे चटकन कळत नाही. डोळ्यांना उलटं वाटतं, अंगाला सुलटंच. म्हणून उभा लूप हा बराचसा खालून बघणाऱ्याचा खेळ आहे.

टेकडीची गोष्ट वेगळी. गाडी माथ्यावरून उतरू लागते, रूळ आपल्याखालून निसटतो आणि वजन हरपतं. शौकीन याला एअरटाइम म्हणतात. इथे डोळे मिटूनही सुटका नाही, कारण पोटाला फसवता येत नाही. कोस्टरवरही जाणकार शेवटच्या डब्यासाठी थांबतात. पुढचे डबे उताराला लागून गाडीने वेग घेतलेला असतो आणि शेवटचा डबा माथ्यावरून ओढला जातो. एसटीत मागच्या चाकांपलीकडे लोंबणारा बाक उसळतो. कारणं वेगळी, गोळा तोच.

जगातल्या नावाजलेल्या कोस्टर काय सांगतात? १९८९ मध्ये ओहायोच्या सीडर पॉइंटवर 'मॅग्नम एक्सएल-२००' उभी राहिली. उंची २०५ फूट, उलटा फेरा एकही नाही. २००० मध्ये तिथेच ३१० फुटांची 'मिलेनियम फोर्स' आली, २०१५ मध्ये कॅरोलिनात ३२५ फुटांची 'फ्युरी ३२५'. या दोघीही कोणाला उलटं करत नाहीत. 'अम्युझमेंट टुडे' या व्यवसायाच्या नियतकालिकाच्या गोल्डन तिकीट पुरस्कारांत सर्वोत्तम स्टील कोस्टरचा मान या तिघींनी वारंवार पटकावला. अबुधाबीची 'फॉर्म्युला रोसा' ताशी २४० किलोमीटरने सुटते, तीही सरळच. दुसऱ्या टोकाला इंग्लंडच्या आल्टन टॉवर्समधली 'स्मायलर' २०१३ मध्ये चौदा कोलांट्यांचा विक्रम घेऊन आली. विक्रम खरा आहे. पण पाचव्या-सहाव्या कोलांटीनंतर पुढची आधीचीच वाटू लागते. मोजता येणारी गोष्ट वाढवत नेली म्हणून अनुभव वाढत नाही.

आपल्याकडे नेमकी मोजता येणारी गोष्टच मोठी झाली. गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये, १९८९ मध्ये सुरू झालेल्या त्या उद्यानात, 'हूला लूप'च्या नावातच लूप होता. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं आणि महाराष्ट्राला जागतिक दर्जाची कोस्टर मिळाली, 'नायट्रो'. स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड माबियार्ड कंपनीची ही गाडी सुमारे चाळीस मीटर उंच, ताशी १०५ किलोमीटर वेगाची आणि पाच वेळा उलटी होणारी. स्थानकातून सुटताना पायाखालची फळी सरकते आणि पाय हवेत लोंबू लागतात.

नायट्रोचं मोठेपण मी मनापासून मानतो. तिच्या कोलांट्या रेशमी आहेत, झटका कुठेही नाही. पण बसून उतरल्यावर मला त्या पाच कोलांट्या वेगवेगळ्या आठवत नाहीत. आठवते ती पहिली उतरण आणि पायाखाली काही नसण्याची जाणीव. म्हणजे आपल्या सर्वात मोठ्या कोस्टरचा सर्वात पक्का ठसा कोलांटीने उमटवलेला नाही. त्याच उद्यानातली 'डीप स्पेस' काळोखात धावते. पुढचं वळण दिसत नाही, एवढ्यानेच काळजाचे ठोके वाढतात.

विरुद्ध बाजूलाही जोर आहे. सीडर पॉइंटची २०१८ ची 'स्टील व्हेंजन्स' लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ टाकून केलेली आहे. ती चार वेळा उलटी होते आणि तरीही एअरटाइमची राणी मानली जाते. तिथे गाडी उलटी होते तीही अशी, की अंग आसनावर दाबलं जाण्याऐवजी पट्ट्याला लोंबतं. कोलांटीतच गोळा गुंफलेला असतो. अशी कोलांटी मला हवी आहे. माझा आक्षेप आहे तो फक्त जाहिरातीच्या फलकावर आकडा वाढावा म्हणून घातलेल्या कोलांटीला.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. उलटं व्हायचं म्हटलं की अनेकजण रांगेतून बाहेर पडतात. आजी, मान धरलेले काका, धास्तावलेली आई खाली पिशव्या सांभाळत बसतात. अंबडला मत्स्योदरी देवीच्या नवरात्रातल्या यात्रेत असं होत नाही. आकाशपाळण्यात आजीही नातवाला मांडीजवळ घेऊन बसते. पाळणा माथ्यावरून खाली वळतो तेव्हा दोघांच्या पोटात एकदमच गोळा येतो. शेजारच्या ड्रॅगन ट्रेनला पुरुषभर उंचीची टेकडी असते, तरी मुलं हात वर करून किंचाळतात. जत्रेतल्या पाळणेवाल्याला पिढ्यान्‌पिढ्या जे ठाऊक आहे, ते मोठ्या उद्यानांनी त्याच्याकडून शिकायला हवं.

केवळ टेकड्यांवरून उसळत जाणारी, एकही कोलांटी न घेणारी मोठी कोस्टर महाराष्ट्रात माझ्या पाहण्यात नाही. सह्याद्रीचे उतार तर आपल्याकडे आयतेच आहेत. जमिनीचा चढउतार धरून धावणारा, झाडांच्या शेंड्यांजवळून उसळणारा आणि दहा वर्षांच्या मुलापासून साठीच्या आजीपर्यंत सगळ्यांना घेणारा रूळ इथे शोभेल. नाटकाची, गाण्याची चिकित्सा करणाऱ्या मराठी माणसाने या कलेकडेही त्याच गांभीर्याने पाहावं. 'किती लूप?' असं विचारण्याऐवजी 'वजन किती वेळा हरपलं, आणि कोणाकोणाचं?' असं विचारावं.

आत्याने आम्हाला कधी उलटं केलं नाही. ती टोकाला गुडघे वाकवायची, झोक्याला जोर द्यायची आणि दोर सैल पडायची वाट बघायची. आम्ही श्वास रोखून बसायचो. कोस्टर बांधणाऱ्याचं कामही याहून फार वेगळं नाही.