‘मुबलक’ म्हणजे किती? ह्यूम-मार्शलचं शिकारपुस्तक संशोधकाने कसं वाचावं

पीएचडीच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींकडून मला हमखास दोन प्रश्न येतात. पहिला, विषय कसा निवडायचा. दुसरा जरा चाचरत येतो: "ताई, फेलोशिप सुरू होईपर्यंत स्वस्तात फील्डवर्क करता येईल अशी जागा कुठली?"

दुसऱ्या प्रश्नात लाजण्यासारखं काही नाही. दीडशे वर्षांपूर्वी तित्तर-लाव्यांच्या मागे बंदूक घेऊन फिरणारे लोकही हेच विचारत होते. सुट्टी चार दिवसांची, पगार बेताचा, मग कुठं गेलं म्हणजे रिकाम्या हातानं परतावं लागणार नाही? या लोकांच्या टिपणांवर जे लिहिलं गेलं, त्यालाच आज आपण ‘ऐतिहासिक डेटा’ म्हणतो आणि आपल्या प्रबंधात वापरतो. त्यातल्या सगळ्यात मोठ्या पुस्तकाबद्दल आज बोलू. ते मला अतिशय आवडतं, आणि त्यानंच मला एकदा चांगलं तोंडघशी पाडलं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. रानपक्ष्यांची शिकार आता आपल्याकडे बेकायदा आहे आणि ती तशीच राहावी, असं माझं मत आहे. आपल्याला इथं शिकाऱ्यांच्या वहीशी काम आहे.

पुस्तक काय आहे

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आणि सी. एच. टी. मार्शल यांचं ‘द गेम बर्ड्स ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन’ हे पुस्तक १८७९ ते १८८१ या काळात तीन खंडांत निघालं. हा ह्यूम म्हणजे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढं असलेला तोच सनदी अधिकारी. त्यानं ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं पक्ष्यांवरचं नियतकालिकही चालवलं. दख्खनवर काम करायचं असेल तर डेव्हिडसन आणि वेंडेन यांची १८७८ ची दख्खनच्या पक्ष्यांची यादी आणि दक्षिण कोकणासाठी विडालची १८८० ची यादी त्यातच सापडतील.

‘गेम बर्ड्स’मध्ये माळढोक, तणमोर, पखुर्ड्या, तित्तर, लावे, रानकोंबडे, बदकं असे शिकारीचे सगळे पक्षी आहेत. प्रत्येकाचं वर्णन, मापं, घरटं, कुठं सापडतो याची माहिती आहे, रंगीत चित्रंही आहेत. देशभरच्या अधिकाऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी पाठवलेली टिपणं ह्यूमनं एकत्र गुंफली आहेत. मला सगळ्यात मोलाची वाटते ती प्रत्येक पक्ष्याच्या सुरुवातीला दिलेली देशी नावं. त्यात मराठी नावंही आहेत. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर तिन्ही खंड फुकट वाचता येतात. फेलोशिप नसतानाही करता येईल असं हे पहिलं फील्डवर्क.

पहिली उणीव: भागाकारातला खालचा आकडा

या प्रकारच्या लेखनात ‘मुबलक’, ‘बऱ्यापैकी’, ‘तुरळक’ असे शब्द पानोपानी भेटतात. कधी एका सकाळी किती जोड्या मारल्या तेही सांगितलेलं असतं. वाचताना वाटतं, वा, आकडा मिळाला! पण तो अर्धाच आकडा असतो.

प्रसिद्ध उदाहरण घेऊ. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. तिथल्या शिलालेखात ही नोंद आहे. ते पाणपक्षी होते, तित्तर नव्हेत, पण मुद्दा तोच. ४,२७३ हा आकडा छाती दडपवणारा आहे. त्या दिवशी ३९ बंदुका होत्या हे कळलं की भागाकार करता येतो: बंदुकीमागे साधारण ११०. आता ही संख्या दुसऱ्या एखाद्या दिवसाशी निदान ताडून पाहता येईल. मत्स्यविज्ञानात यालाच ‘प्रयत्नाच्या एककामागे मिळालेली पकड’ म्हणतात. किती मासे मिळाले याबरोबर जाळं किती तास पाण्यात होतं हेही सांगावं लागतं.

भरतपूरच्या दगडावर बंदुका तरी कोरल्या आहेत. तित्तर-लाव्यांच्या बहुतेक टिपणांत किती जण होते, किती तास चालले, कुत्रा होता का, हाकारे किती होते, यातलं काहीच सलग सापडत नाही. आणि एकही पक्षी न मिळालेली सकाळ? ती कुणी संपादकाला कळवत नाही. शून्य वहीतून गळतं, आणि शून्यं गळली की सरासरी आपोआप फुगते.

दुसरी उणीव: लोक गेले तिथंच पक्षी दिसले

नोंद कुठली आहे हे पाहताना तिथं पोचायला काय लागत होतं हेही पाहा. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला पोचली. पुढच्या दशकात ती बोरघाट आणि थळघाट चढून दख्खनवर गेली. शिकारी स्टेशनजवळ, लष्करी छावणीजवळ, डाकबंगल्याजवळ जायचे, कारण तिथं जाणं परवडायचं. नोंदींचा नकाशा काढला तर तो पक्ष्यांचा नकाशा असतोच, पण थोडा रेल्वेचा आणि थोडा रजेच्या अर्जांचाही असतो.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या जिल्ह्यात आहे. रानपिंगळा हा शिकारीचा पक्षी नव्हे, पण धडा तोच देतो. हा पक्षी शंभराहून अधिक वर्षं कुणाला दिसला नव्हता. मध्ये मायनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज संग्राहकानं चोरलेल्या नमुन्यावर १९१४ सालचं आणि गुजरातमधलं खोटं लेबल लावलं होतं, त्यामुळे शोध घेणारे भलतीकडे गेले. ती लबाडी उघड झाल्यावर खऱ्या जुन्या लेबलांचा माग काढत पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना १९९७ मध्ये नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ तो सापडला. आणि २०१४ मध्ये तो कुठं दिसला? मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात. सातपुड्यातला समजला जाणारा पक्षी कोलशेतपासून काही तासांच्या अंतरावर होता. ‘इथं नाही’ आणि ‘इथं कुणी पाहिलं नाही’ या दोन वाक्यांत एवढं अंतर आहे.

तिसरी उणीव: पक्षी दाखवला कोणी?

गवतात दबून बसलेला लावा पायाखाली येईपर्यंत उडत नाही. साहेबाला तो सापडायचा, कारण हाकारे गवत तुडवत पुढं जायचे आणि गावचा शिकारी जागा दाखवायचा. तित्तर फासात पकडण्याची, पाळलेल्या तित्तराच्या आवाजावर रानातला तित्तर बोलावण्याची फासेपारध्यांची विद्या या टिपणकर्त्यांच्या विद्येपेक्षा जुनी. ज्या काळात हे पुस्तक निघालं, त्याच काळात १८७१ च्या कायद्यापासून कितीतरी जमातींवर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारणं सुरू झालं होतं. पुढं पारधीही त्यात ओढले गेले. कागदावरून तो शिक्का १९५२ मध्ये निघाला, लोकांच्या मनातून अजून निघायचा आहे.

ह्यूमनं देशी नावं घेतली, हे त्याचं श्रेय. ती नावं सांगणाऱ्यांची नावं मात्र पुस्तकात शोधत बसावी लागतात. हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही, पद्धतीचाही आहे. नोंद करणाऱ्याचं कौशल्य माहीत नसेल तर नोंदीचं वजन ठरवता येत नाही. आंध्रातला जेर्डनचा धाविक १९८६ मध्ये पुन्हा सापडला तो बीएनएचएसच्या मोहिमेत, पण पक्षी हाती आला ऐतन्ना नावाच्या स्थानिक शिकाऱ्यामुळे. ते नाव नोंदलं गेलं, म्हणून आज मी ते लिहू शकते.

शून्याचा अर्थ लावणं किती अवघड असतं

हिमालयी लावा शेवटचा खात्रीनं मिळाला १८७६ मध्ये, नैनितालजवळ. त्याचे जेमतेम डझनभर नमुने जगात आहेत. गेल्या दीडशे वर्षांत खात्रीची एकही नोंद नाही, तरी तो अजून अधिकृतपणे ‘नामशेष’ ठरलेला नाही. कारण हा उंच गवतात लपणारा, सहसा न उडणारा पक्षी, आणि त्याला उठवणारे कुत्रे आणि बंदुका त्या डोंगरांवरून गेल्या. आपण पुरेसं शोधलंय का, याचं उत्तर कुणाकडे नाही. शिकार थांबली हे चांगलंच झालं, पण शोधण्याची पद्धत बदलली की जुने आणि नवे आकडे थेट ताडता येत नाहीत, हे ध्यानात ठेवायला हवं.

कायद्यातही हा बदल दिसतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण मूळ मसुद्यात काही प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीला परवाना होता, आणि मारलेल्या-पकडलेल्या प्राण्यांची नोंद परवानाधारकानं ठेवावी असं कलम १० सांगत होतं. १९९१ च्या दुरुस्तीनं परवानेही गेले आणि ते कलमही गेलं.

आता माझी चूक

माझ्या संशोधन प्रस्तावासाठी मी दोन नकाशे केले होते. एकात एकोणिसाव्या शतकातल्या तित्तर-लाव्यांच्या नोंदी, दुसऱ्यात गेल्या दहा वर्षांतल्या ईबर्डवरच्या. काही तालुके पहिल्यात भरलेले, दुसऱ्यात कोरे. मी झोकात लिहिलं, ‘स्थानिक पातळीवर नामशेष’. सादरीकरणात एका परीक्षकांनी एवढंच विचारलं, "या कोऱ्या तालुक्यांत दहा वर्षांत पहाटे कोण गेलं होतं?"

घरी येऊन तपासलं. जवळपास कुणीच नाही. मी ह्यूमच्या टिपणकर्त्यांची चूक आधुनिक नकाशावर जशीच्या तशी उतरवली होती.

मग स्वतःच्या नोंदी उघडल्या. मी कोलशेतला राहते. माझ्या बहुतेक याद्या कोलशेतच्या खाडीवरच्या: बगळे, तुतवार, खंड्या. घरून चालत जाता येतं, खर्च शून्य. त्याखालोखाल येऊर, कारण बसनं जाता येतं. माझा नकाशा पाहून कुणी म्हणेल, या बाईच्या मते महाराष्ट्रात माळरानच नाही!

शेवटी पैसे साठवून एका कोऱ्या तालुक्यात गेले. पहिल्या पहाटे काहीच नाही. मेंढ्या घेऊन निघालेल्या एका बाबांना विचारलं तर म्हणाले, "पोरी, उजाडल्यावर येतीस. तांबडं फुटायच्या आत ये." दुसऱ्या दिवशी अंधारात जाऊन बसले आणि दोन बाजूंनी तित्तरांची हाक ऐकली. दुसऱ्या एका तालुक्यात मात्र चार पहाटे बसूनही काही ऐकू आलं नाही. तिथं मी ‘नामशेष’ लिहिलेलं नाही. ‘चार पहाटे, शून्य’ असं लिहिलं आहे.

यात अडकलेलं काय आहे, तेही सांगते. माळरानं सरकारी नकाशांत अनेकदा ‘पडीक जमीन’ म्हणून लागतात. पडीक जमिनीवर तित्तरही नाहीत असं एखाद्या प्रबंधात छापून आलं, की ती दुसऱ्या कामाला द्यायला आणखी एक कागद तयार. आणि खोटी घट दाखवून उद्या ती खोडली गेली, तर खऱ्या घटीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ प्रजाती तपासल्या, पण दीर्घकालीन कल सांगता आला तो फक्त ३३८ प्रजातींचा. उरलेल्यांबद्दल गप्प बसण्याचा तो प्रामाणिकपणा मला शिकण्यासारखा वाटतो.

मग पुस्तक वापरायचं की नाही?

जरूर वापरा. पक्षी ‘होता’ हे सांगायला ह्यूम-मार्शल भक्कम साक्षीदार आहे. ‘किती होता’ हे विचारलंत तर तो अंदाज सांगेल. ‘नव्हता’ हे मात्र त्याला विचारूच नका.

आणि स्वस्तातल्या जागेच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. घराजवळची फुकटची जागा धरा आणि तिथं नेमानं जा, शून्य आलं तरी नोंदवा. ईबर्डवर वेळ, अंतर आणि माणसं किती हे भरता येतं, ते न चुकता भरा. ह्यूमच्या टिपणकर्त्यांकडे नसलेली ही गोष्ट तुमच्याकडे आहे. वर्षातून एक-दोनदा पैसे जमवून अशा ठिकाणी जा जिथं कुणी जात नाही. सोलापूरजवळचं नान्नज सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या पलीकडच्या गावात उतरा. आणि तक्त्यात एक जादा रकाना ठेवा: इथं पोचायला किती रुपये आणि किती तास लागले. विश्लेषणाच्या वेळी हा रकाना तुमचे डोळे उघडेल. माझे उघडले.

हे वाचून झाल्यावर एक काम करा. तिन्ही खंडांतला कुठलाही एक पक्षी घ्या, त्याच्या नोंदींची ठिकाणं नकाशावर मांडा आणि त्यावर १८८० पर्यंतचे रेल्वेमार्ग ओढा. काय दिसतं ते मला कळवा. काहीच संबंध दिसला नाही, तरीही कळवा.