मालकाला विचारले, कामगाराला कोण विचारणार?

स्मृती ही निष्पाप गोष्ट नाही. काय आठवायचे आणि काय विसरायचे, याचा निर्णय प्रत्येक समाजात कुणीतरी घेत असतो. ज्याच्या हाती लेखणी आहे, कॅमेरा आहे, पडकी इमारत विकत घेण्याइतका पैसा आहे, त्याचाच निर्णय बहुधा सर्वांच्या माथी मारला जातो. अमेरिकेतील औद्योगिक शहरांत ओसाड पडलेल्या मोटारविक्रीच्या जुन्या इमारतींविषयी गेली काही दशके जो हळहळीचा सूर निघतो आहे, तो या दृष्टीने तपासला पाहिजे. हा सूर छायाचित्रांच्या जाडजूड ग्रंथांतून निघतो, संग्रहालयांतून निघतो, जुन्या मोटारींच्या शौकिनांच्या आठवणींतून निघतो. त्यात सच्चेपणा नाही असे मी म्हणणार नाही. पण तो कुणाचा सच्चेपणा आहे, हे विचारणे समीक्षेचे काम आहे.

प्रथम या इमारती म्हणजे काय होते ते पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार ही श्रीमंतांची वस्तू होती आणि ती विकण्याची जागाही श्रीमंतांना शोभेल अशीच बांधली जाई. शहराच्या मध्यवस्तीत एकाच रस्त्यावर अशा शोरूमची रांग उभी राही. शिकागोच्या मिशिगन अव्हेन्यूवरील अशी रांग आज संरक्षित वारसा म्हणून ओळखली जाते. दर्शनी भागात जमिनीपासून छतापर्यंत काच, आत गुळगुळीत फरशी, नक्षीचे छत. मागच्या बाजूस दुरुस्तीचा कारखाना. मोटारी वरच्या मजल्यांवर नेण्यासाठी अवजड लिफ्ट. पॅकार्ड कंपनीसाठी फिलाडेल्फियात १९१०-११ मध्ये उभारलेली इमारत आल्बर्ट कान या वास्तुशिल्पकाराची. डेट्रॉईटमधील पॅकार्डचा कारखानाही त्याचाच. म्हणजे मोटार जिथे घडे ती जागा आणि जिथे विकली जाई ती जागा, दोन्ही एकाच हाताने रेखाटल्या होत्या. शरद ऋतूत नवे मॉडेल येण्याआधी शोरूमच्या काचा कागदाने झाकून टाकीत आणि ठरल्या दिवशी तो पडदा दूर होई. गावातील मुले त्या काचेला नाक लावून उभी राहत. आजच्या हळहळीचा उगम पुष्कळदा या काचेपाशी आहे.

या इमारती ओस पडल्या त्या कुणाच्या शापाने नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी ठेवायला विस्तीर्ण मोकळी जागा हवी झाली आणि एजन्सीवाले शहर सोडून महामार्गांच्या कडेला गेले. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले गेले. घरकर्जाचा विमा देणाऱ्या सरकारी यंत्रणेने १९३४ पासून काळ्यांच्या वस्त्या धोकादायक ठरवल्या होत्या. त्यामुळे उपनगरातील घर गोऱ्याला मिळाले आणि काळा मागे राहिला. छोट्या कंपन्या मोठ्यांपुढे टिकल्या नाहीत. पॅकार्डने १९५६ मध्ये डेट्रॉईटमधील उत्पादन थांबवले आणि १९५८ मध्ये ते नावही संपले. पुढे २००९ च्या दिवाळखोरीत एकट्या क्रायस्लरने ७८९ एजन्सींचे करार एका फटक्यात रद्द केले. डेट्रॉईटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, ती २०२० मध्ये सुमारे ६ लाख ४० हजारांवर आली. थॉमस सुग्रू या इतिहासकाराने १९९६ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, डेट्रॉईटची पडझड १९६७ च्या दंगलीने सुरू झाली नाही. कारखान्यांचे स्थलांतर आणि घरांतील वर्णभेद यांनी ती १९५० च्या दशकातच सुरू केली होती. पण रम्य स्मृतीला ही कारणमीमांसा नको असते. तिला फक्त ‘पूर्वी’ आणि ‘आता’ हवे असते.

२०१० मध्ये डेट्रॉईटच्या अवशेषांवर छायाचित्रांचे दोन गाजलेले ग्रंथ निघाले. एक मार्शां आणि मेफ्र या फ्रेंच जोडीचा, दुसरा अँड्र्यू मूर यांचा. मोटारीच्या संस्कृतीने उभारलेले आणि टाकून दिलेले शहर कसे पाहावे, याचे वळण पाडण्यात या ग्रंथांचा वाटा आहे. सोलवटलेला रंग, गंजलेले पोलाद, छतातून झिरपणारा उजेड, कोपऱ्यात उगवलेले झाड. छायाचित्रे म्हणून ती असामान्य आहेत, यात वाद नाही. पण पाने उलटत जावे तसे ध्यानात येते की, माणूस जवळजवळ नाही. त्या वेळी त्या शहरात सात लाखांहून अधिक माणसे राहत होती आणि त्यांतील बहुसंख्य काळी होती. राहत्या शहराला मृत ठरवल्याखेरीज त्याच्या अवशेषांचे सौंदर्य उपभोगता येत नाही, हे या सौंदर्यदृष्टीचे गुपित आहे.

दुसरे उदाहरण ओहायोतील डेटन या कारखानदारीच्या शहराचे. तेथे १९१७ मध्ये बांधलेल्या पॅकार्डच्या एजन्सीच्या इमारतीत १९९२ पासून पॅकार्ड मोटारींचे संग्रहालय आहे. इमारत पडू दिली नाही, हे चांगलेच झाले. शहराजवळचा जनरल मोटर्सचा मोरेन येथील कारखाना डिसेंबर २००८ मध्ये बंद पडला, तेव्हा अशा शहराने आपल्या भूतकाळातील काहीतरी जपावे, हे स्वाभाविकही आहे. प्रश्न एवढाच की, मोटारीबरोबर आपण आणखी काय जपतो?

पॅकार्डची एक जाहिरात जगप्रसिद्ध होती. मोटारीच्या गुणांची यादी ती देत नसे. ज्याच्याकडे ही गाडी आहे त्या माणसाला विचारा, एवढेच ती सांगे. मला या एका वाक्यात साऱ्या शोरूम-स्मृतीचे सार दिसते. मालकाला विचारा! ज्याच्याकडे आहे, त्याचेच मत प्रमाण. ज्याने ती ओतली, ठोकली, रंगवली, त्याला विचारण्याचे कारण नाही. आज इतक्या वर्षांनी त्या इमारतींच्या आठवणी गोळा करणारेही त्याच आज्ञेचे पालन करीत आहेत. ते मालकाला विचारतात, मालकाच्या मुलाला विचारतात, फार तर काचेला नाक लावणाऱ्या गोऱ्या पोराला विचारतात.

कामगाराला विचारले असते तर त्याने काय सांगितले असते? जून १९४३ ची गोष्ट सांगितली असती. डेट्रॉईटच्या पॅकार्ड कारखान्यात युद्धासाठी इंजिने बनत होती. तीन काळ्या कामगारांना बढती मिळाली, एवढ्या कारणावरून सुमारे २५,००० गोऱ्या कामगारांनी काम बंद पाडले. पगारासाठी नव्हे, कामाच्या तासांसाठी नव्हे; शेजारी काळा माणूस उभा राहू नये म्हणून! त्याच महिन्यात शहरात वंशदंगल पेटली. तीत ३४ माणसे मेली, त्यांतील २५ काळी होती. वर्गाची एकजूट वर्णाच्या भिंतीशी येऊन कशी थबकते, हे आपल्या चळवळीतील कार्यकर्त्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. हा कारखाना पुढे जगातील सर्वांत प्रसिद्ध अवशेषांपैकी एक झाला. २०२२ मध्ये तो पाडायला सुरुवात होईपर्यंत हजारो कॅमेऱ्यांनी त्याच्या भिंती टिपल्या. त्या भिंतींनी १९४३ मध्ये काय पाहिले, ते किती जणांनी टिपले?

आणि शोरूमचे दार? एड डेव्हिस हे काळे गृहस्थ १९३० च्या दशकाच्या अखेरीस डेट्रॉईटलगतच्या हायलंड पार्कमध्ये एका एजन्सीत विक्रेते म्हणून लागले. गोऱ्या विक्रेत्यांना ते आपल्यात नको होते, म्हणून त्यांचे टेबल शोरूममध्ये न मांडता वरच्या मजल्यावर मांडले गेले. म्हणजे मोटार विका, पण काचेआडून दिसू नका. पुढे १९४० मध्ये याच माणसाने डेट्रॉईटमध्ये स्टुडेबेकरची एजन्सी मिळवली. ग्राहकाची गत निराळी नव्हती. पीटर ड्रकर यांनी लिहून ठेवले आहे की, मंदीच्या काळापर्यंत काळ्यांना कॅडिलॅक विकायची नाही असे धोरण होते. पैसेवाले काळे गृहस्थ एखाद्या गोऱ्याला पैसे देऊन त्याच्या नावावर गाडी घेत. निकोलस ड्रेस्टॅट या अधिकाऱ्याने हे धोरण बदलायला लावले, ते गाड्या खपत नव्हत्या म्हणून. धंदा बुडू लागला तेव्हा विटाळ संपला. हा अनुभवही आपल्याला अपरिचित नाही.

हा भेद कारखानदारीच्या शहरांपुरता नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोत १९६४ च्या मार्च-एप्रिलमध्ये व्हॅन नेस अव्हेन्यूवरील मोटारींच्या शोरूममध्ये काळ्या आणि गोऱ्या तरुणांनी ठिय्या दिला. एजन्सींनी काळ्यांना नोकऱ्या द्याव्यात, ही मागणी होती. मार्चमध्ये शंभराहून अधिक आणि एप्रिलमध्ये दोनशेहून अधिक माणसांना अटक झाली. ज्या गुळगुळीत फरशीचे गोडवे गायले जातात, तिच्यावरून माणसे फरफटत नेली गेली आहेत. दार उघडले तरी भाव वेगळाच राहिला. इयन एअर्स यांनी शिकागो परिसरातील एजन्सींची पाहणी करून १९९१ मध्ये दाखवून दिले की, एकाच गाडीसाठी गोऱ्या पुरुषाकडून जो नफा मागितला जाई, त्याच्या दुपटीहून अधिक काळ्या पुरुषाकडून आणि तिपटीहून अधिक काळ्या स्त्रीकडून मागितला जाई.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला सौंदर्यवाद्यांचा: इमारत ही इमारत आहे, तिच्या रेषा, प्रमाण, प्रकाश यांचा आस्वाद घेताना समाजशास्त्र मध्ये कशाला आणता? हा आक्षेप आपण मराठीत पुष्कळ ऐकला आहे. दलित साहित्याची पहिली पुस्तके आली तेव्हा तो आपल्यावरच फेकला गेला होता. माझे उत्तर असे की, शोरूमची काच ही केवळ रेषा आणि प्रकाश नव्हती. कुणी आत यावे आणि कुणी बाहेर राहावे, हे सांगण्याचे ते साधन होते. त्या सौंदर्याचा हेतूच सामाजिक होता. मग त्याच्या आस्वादातून समाज वगळायचा कसा?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कारखाना बंद पडून देशोधडीला लागलेल्या गोऱ्या कामगाराचे दुःख खोटे आहे काय? नाही. इंडियानातील साउथ बेंड येथील स्टुडेबेकरचा कारखाना डिसेंबर १९६३ मध्ये बंद झाला. साठीच्या आतल्या हजारो कामगारांना कमावलेल्या पेन्शनमधील डॉलरमागे सुमारे १५ सेंट हाती आले, कित्येकांना तेवढेही नाही. या अन्यायाच्या आठवणीतून १९७४ चा पेन्शन संरक्षणाचा कायदा झाला. पाहा, हीसुद्धा स्मृतीच आहे. पण ती निऑनच्या पाटीपाशी अडकली नाही. आपली फसवणूक कशी झाली हे तिने आठवले, म्हणून तिच्या हातून कायदा घडला. स्मृती हिशेब मागते तेव्हा ती चळवळ होते. नुसती हळहळते तेव्हा ती सजावट होते.

हा सारा खटाटोप मराठी नियतकालिकात कशासाठी, असे कुणी विचारील. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतील काळ्या तरुणांच्या संघटनेचे. तेव्हापासून त्यांचा इतिहास आपल्याला परका नाही. शिवाय रम्य स्मृतीचा मारा आपण घरीही सोसला आहे. मराठी साहित्यात गाव किती गोड आठवला गेला! पाणवठा, पार, वाडा, देऊळ. या प्रत्येक जागी आपल्या आईबापांना कुठवर येऊ दिले होते, हे त्या गोड लेखनाने विचारले नाही. गावाविषयीचे हे गौरवगान बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीतच नाकारले होते. ज्यांच्या घरात पहिला पदवीधर माझ्या पिढीत झाला, त्यांना जुन्या दिवसांच्या नावाने गहिवरून येत नाही, याचे कारण त्यांचे मन कोरडे आहे हे नव्हे.

तेव्हा या इमारती पाडून टाका असे माझे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. पाडल्याने पुरावा नष्ट होतो आणि पुरावा नष्ट होणे नेहमीच अन्याय करणाऱ्याच्या सोयीचे असते. जपा, पण पूर्ण जपा. कॅन्सस सिटीच्या काळ्यांच्या वस्तीत होमर रॉबर्ट्स या काळ्या माजी सैनिकाने १९२३ मध्ये स्वतःचे मोटारविक्रीचे दालन उभे केले. गोऱ्यांच्या दारात अपमान न होता काळ्या माणसाला तिथे गाडी घेता येई. वर्णभेदाच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसावे लागणाऱ्या माणसाला स्वतःच्या मोटारीचे मोल काय होते, हे त्या दालनाला ठाऊक होते. रॉबर्ट्स यांचे दालन आणि डेव्हिस यांचे वरच्या मजल्यावरचे टेबल, हीसुद्धा जुन्या शोरूमचीच स्मृती आहे. ती जागवणाराही गहिवरेल, आणि त्याच्या गहिवराला अर्थ असेल.

प्रत्येक भग्न इमारतीपुढे, प्रत्येक सुंदर छायाचित्रापुढे, आणि आपल्या गावच्या प्रत्येक पडक्या वाड्यापुढेही, तीन प्रश्न उभे केले पाहिजेत. हे कुणाच्या श्रमाने उभे राहिले? त्याला आत प्रवेश होता काय? आणि आज आठवण सांगायला कुणाला बोलावले आहे? मालकाला विचारून शंभर वर्षे झाली. ज्यांनी मोटारी ओतल्या आणि फरशा पुसल्या, त्यांची मुले-नातवंडे त्याच शहरांत राहत आहेत. त्यांना विचारल्याशिवाय लिहिलेला स्मृतीचा कोणताही इतिहास आम्ही पुरा मानणार नाही.