बागुलांच्या कथेतली रेल्वे

जयंतीच्या सभेत 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका वाचली की टाळ्या पडतात. 1873 साली जोतीरावांनी हे पुस्तक अमेरिकेतल्या काळ्या गुलामांची सुटका करणाऱ्यांना अर्पण केलं. पण सुटलेला गुलाम दुसऱ्या दिवशी कामावर गेला, तेव्हा शेजारच्या कामगारानं त्याला जवळ बसू दिलं का? हे कुणी विचारत नाही.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा नेमकं हेच विचारते. संग्रह 1963 चा. नायक रेल्वेत कामाला लागतो, जात लपवतो, सोबतचे त्याला मानतात. जात उघडी पडते अन् तेच हात त्याच्यावर पडतात. मारणारे साहेब नव्हेत, बरोबरीचे! समीक्षकांनी कथेला 'आक्रोश' म्हणून मोकळं केलं. मला ती युनियनची झडती वाटते.

ही झडती बाबासाहेबांनी फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला, जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं घेतली होती. गँगमन जन्मभर गँगमनच. पोर्टर होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम पडतं, आणि घरात आपला माणूस कसा चालणार? शत्रू दोन सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच साली 7 नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांसोबत उतरले. जातीयवादी म्हणणाऱ्यांनी ही तारीख पाठ करावी.

अमेरिकेत गुलामी कायद्यानं 1865 सालीच संपली. तरी गोऱ्या युनियनांची दारं काळ्यांना बंद. शेवटी रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत राबणाऱ्या काळ्या पोर्टरांनी 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फच्या पुढारपणाखाली स्वतःची युनियन काढली. बागुलांच्या रेल्वेत तेवढंच नाही. काशीनाथ आहे, जात न चोरणारा, अंगावर घेणारा. पण एकटा. त्याच्या मागं चार माणसं उभी राहिली असती तर काय झालं असतं, ती कथा अजून आपल्यापैकी कुणी लिहिलेली नाही.

लिहायला मुंबईला जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातनं दर साली कोयते कारखान्यावर जातात. एकाच फडात बौद्ध, मातंग, वंजारी, मराठा. उचल सगळ्यांच्याच मानेवर. वेठबिगारी कायद्यानं 1976 साली बंद झालीय म्हणे! फडात घाम एक, पण कोप्यांवर? पाणी कुणी कुणाच्या हंड्यातनं घेतं, मुकादमाशी भांडताना कोण कुणाच्या बाजूनं बोलतं? बेंबळीचे जे पोरं यंदा टोळीत चाललेत, त्यांनी हे बघून यावं. वहीत जसं सुचेल तसं लिहा, शुद्धलेखनाची फिकीर नको. पट्टा पडल्यावर वह्या इकडं आणून द्या.